गाठीचं फूल

एस्तेरमावशींच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं आणि ते चालतही होतं. पण त्या वेळ सांगायच्या टाचण्यांत. चहा ठेवला की म्हणायच्या, "बस जरा, तीन टाचण्यात उकळंल." दारातून कुणी हाक मारली की आतून आवाज यायचा, "दोन टाचण्या थांबा, आले." आमच्या घरांच्या ओळीत येणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं. गॅसवाला सिलिंडर उतरवून पायरीवर टेकायचा आणि विचारायचा, "मावशी, आज किती टाचण्या?"

एक टाचणी म्हणजे नेमका किती वेळ, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. लेसच्या फुलाची एक ओळ विणून झाली की कडेला टाचणी रोवतात. पाकळीच्या पोटात ओळ लांब असते, टोकाला आखूड. म्हणून सकाळची टाचणी आणि दुपारची टाचणी सारखी नसायची. गॅसवाल्याला किती थांबावं लागणार हे त्या वेळी पाकळी कुठवर आली आहे त्यावर असायचं.

आम्ही माधवनगरला राहायला आलो तेव्हा माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. माझं माहेर जतकडचं. चौथीनंतर शाळा सुटली, कारण पाचवी दुसऱ्या गावात होती. आमचे हे कुपवाडला कारखान्यात जायचे आणि मी सकाळच्या पाळीला एका मागाच्या शेडात कांड्या भरायला जायचे. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी. शेडात इतका खडखडाट असतो की कुणी कुणाशी बोलत नाही, आणि मला ते बरं वाटायचं. मला चार माणसांत बोलता येत नाही. तोंड उघडायच्या आधीच कान गरम होतात.

एके दुपारी शेजारच्या खोलीतून कांड्यांचा आवाज आला. शेडातल्यासारखा नाही. बारीक, लाकडावर लाकूड टेकल्यासारखा, मधेच थांबणारा. मी त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच थबकले. आत एक म्हातारी बाई मान खाली घालून काहीतरी करत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "कोण हाय ते ठावं न्हाई, पन उजेड अडिवलाय. आत तरी ये, न्हाई तर बाहेर तरी जा."

मी आत गेले. पुढं नऊ वर्षं जात राहिले.

त्यांच्या मांडीवर एक गोल, टणक उशी होती, आत लाकडाचा भुसा गच्च भरलेली. उशीवर एक टोचलेला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पितळी टाचण्यांचं रान, आणि त्या रानातून निघालेले पांढरे दोरे चहूकडे लोंबत होते. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बोटाएवढी लाकडी कांडी. त्यांचा शब्द बाबीण होता, पण माझं ऐकून पुढं त्याही कांडीच म्हणायला लागल्या. त्या कांड्यांची अदलाबदल करत विणकाम चालायचं. पाकळीला पाकळी जोडायला तेवढा एक बारीक आकडा लागायचा. बाकी नुसती बोटं.

अंगावर नेहमी फिकी सुती साडी, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा. उन्हाळ्यात हाताला घाम येतो म्हणून कामाला बसायच्या आधी तळव्यांना तांदळाचं पीठ चोळायच्या. त्यामुळं त्यांचे हात कायम भाकरी थापता थापता उठल्यासारखे दिसायचे. काम नसेल तेव्हा उशीवर फडकं झाकलेलं असायचं आणि त्या फडक्याला कुणी बोट लावलेलं चालायचं नाही. म्हणायच्या, "पाळण्यातलं लेकरू हाय ते. निजलेलं पोर कुणी असं उचलून बघतं व्हय?"

नमुना टोचायला जाड पुठ्ठा लागतो. त्यासाठी त्या सगळ्या ओळीतल्या लग्नपत्रिका जमवायच्या. समोरच्या चौगुलेकाकूंना ते खटकायचं. काकू जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या, आणि जिभेनं तिखट. एकदा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आवं एस्तेरबाई, पत्रिकेवर देव असतोय. त्येला टाचण्या टोचतासा व्हय?"

मावशींनी भिंतीतल्या दिवळीकडं बोट केलं. तिथं त्यांच्या पवित्र शास्त्राशेजारी पत्रिकांवरचे कातरून ठेवलेले गणपती नीट रचून ठेवले होते. "देव तिथं सुखात हायती. मी टोचते ते 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'ला."

कामाचे शब्द दोनच. मधल्या दोन कांड्या एकमेकींवरून नेल्या की 'ओलांड'. दोन्ही जोड्यांना एकेक वेढा दिला की 'पीळ'. ओलांड, पीळ, ओलांड. असं करत ओळ संपते, मग टाचणी. त्या ते ओठातल्या ओठात म्हणायच्या आणि पाकळीचं टोक आलं की तेही बंद. टोकाला कुणी बोललेलं खपायचं नाही. मला तसंही बोलायचं नसायचं, म्हणून आमचं जमलं.

'ओलांड' कुठून आलं ती गोष्ट त्या वर्षातून दोनदा तरी सांगायच्या. "माझी आई साताऱ्यात मिशनच्या मडमेकडं शिकली. मडम म्हनायची, क्रॉस. आमच्या बायकांना क्रॉस म्हंजे क्रूस, एवढंच ठावं. मडम क्रॉस म्हनली की सगळ्या बाया कांड्या खाली ठिवून, डोळं मिटून गप. मडमेला वाटायचं, काय देवभोळ्या बाया गं ह्या! महिना झाला तरी पट्टी बोटभर पुढं सरकंना. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं काय केलं, सगळ्यांना बाहेर नेलं, झगा धरला न् गटारावरनं उडी मारली. न् विचारलं, ह्येला काय म्हंता? बाया म्हनल्या, मडम, ह्येला ओलांडनं म्हंत्यात." एवढं सांगून त्या इतक्या हसायच्या की एक टाचणी चुकायची.

पीळ हा शब्द मात्र त्यांच्या आईनंच दिलेला. आणि तो मावशींना शोभायचा. ओळीतले लोक मागं म्हणायचे, "एस्तेरबाईला लय पीळ हाय."

सगळ्यात मोठा पीळ गाठीचा. फुलात गाठ एकच, अगदी शेवटी, मधोमध, तीही मागच्या बाजूला. मधेच दोरा तुटला तर गाठ मारायची नाही. नवा दोरा आणायचा, टाचणीला अडकवायचा, जुन्याच्या सोबतीनं चार-पाच ओळी चालवायचा, मग जुना सोडून द्यायचा. "गाठ म्हंजे डोळ्यातला खडा. बघनाऱ्याला दिसत न्हाई, पन ज्येचा डोळा त्येला कळतंय," त्या म्हणायच्या.

त्यांच्या देवळातल्या एका मुलीचं लग्न होतं. त्यांच्यात चर्चला देऊळच म्हणतात. तिथल्या प्रत्येक नवरीच्या केसात आणि प्रत्येक मेलेल्या माणसाच्या उरावर मावशींच्या हातचं पांढरं फूल असायचं. त्यांच्या आईपासूनची रीत होती. या फुलाच्या चार पाकळ्या झाल्या होत्या, लग्न परवावर आलेलं. अंगठ्यानं चाचपताना मावशी थांबल्या. दुसऱ्या पाकळीत गाठ होती. त्यांनी मारलेली नव्हे. रिळातच कारखान्याची गाठ आली होती, तिळाच्या दाण्याहून लहान. त्यांनी कात्री घेतली आणि फूल कापून टाकलं. त्या म्हणाल्या, "गाठीचं फूल मी कुनाला देत न्हाई." दोन दिवस त्यांच्याकडं कुणाला चहा मिळाला नाही. लग्नाच्या दिवशी पाळकांनी सगळ्यांना दोन गीतं जादा म्हणायला लावली, तेव्हा कुठं मावशी बाजूच्या दारानं फूल घेऊन पोचल्या. गात असलेल्या नवरीच्या केसात त्यांनी ते खोचलं.

ते फूल साखरेच्या पाण्यात बुडवून ताठ केलेलं होतं. तीही आईचीच रीत. आशीर्वादाच्या वेळेला नवरी डोकं खाजवायला लागली, मग नवराही. मुंग्या! मावशी घरी आल्या त्या कपाळाला हात लावूनच. "माझ्या आईच्या वेळंला मुंग्या न्हवत्या काय गं?"

तेव्हा मी बोलले. त्या घरात जायला लागून मला सात-आठ महिने झाले असतील. हो-नाहीच्या पुढं गेलेलं ते माझं पहिलं बोलणं. म्हटलं, "आमच्या सुताला खळ लावत्यात. तांदळाची खळ घातली तर मुंग्या येत न्हाईत."

मावशींनी चष्मा वर केला आणि माझ्याकडं पाहिलं. "जतकरणी! तुला वाचा हाय व्हय गं?"

तेव्हापासून मी जतकरीण झाले आणि फुलं खळीची झाली.

पलंगाखाली त्यांचा एक बिस्किटाचा जुना डबा होता. एकदा त्यांनी तो माझ्यापुढं उघडला. आत निळ्या कागदात एक फूल होतं. पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या कडेला जाळी, मधोमध लहान गोल. एवढं सुबक फूल मी त्यांच्या हातचंही पाहिलं नव्हतं.

"हे कुनाचं?"

"माझं," त्या म्हणाल्या. "मला पेटीत ठिवतील तवा उरावर. सगळ्या गावाला मी दिलं. मला कोन देनार? ही विद्या आता दुसऱ्या कुनाला येत न्हाई. म्हनून माझं मीच करून ठिवलंय."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, जसं कुणी पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवल्याचं सांगतं. त्यांचे यजमान लवकर गेले होते. त्यांनाही फूल मावशींनीच केलेलं. मुलगा विजयदादा साताऱ्याला शाळेत शिक्षक. तो आईला नेहमी न्यायला बघायचा आणि त्या म्हणायच्या, "तिकडं उजेड उलट्या बाजूनं येतो."

ते फूल मी पाहिलं त्या वर्षीच गेलं. देवळात झाडलोट करणाऱ्या बाईचं चार दिवसांचं बाळ दगावलं. करून ठेवलेलं दुसरं फूल नव्हतं आणि नवं करायला वेळ नव्हता. मावशी डबा घेऊन गेल्या आणि मोकळा डबा घेऊन आल्या. त्या आपणहून म्हणाल्या, "त्येला आधी लागलं." दुसऱ्या दिवशी उशीवर नवा पुठ्ठा.

ते दुसरं फूल व्हायला पावसाळा गेला. ते गेलं चौगुलेकाकूंच्या लेकीला, प्राचीला. प्राची लहानपणी मावशींच्या उशीजवळ बसून वाढलेली. तिच्या लग्नाची तयारी चालली होती तेव्हा काकू उगीच टोचायला म्हणाल्या, "आता कुठं ह्ये करत बसायचं एस्तेरबाई? बाजारात असली फुलं पाकिटानं मिळत्यात."

"व्हय की," मावशी म्हणाल्या. "लेक बी पाकिटानंच आनायची हुती मग."

काकू तरातरा निघून गेल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी प्राची पाया पडायला आली, तेव्हा मावशींनी पलंगाखाली हात घातला. मी म्हटलं, "मावशी, ते तुमचं..." त्या म्हणाल्या, "टोक आलंय, बोलू नगं." उशीवर तर फडकं होतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी काकू आपल्या दारात येऊन ताट वाजवायच्या. दोनदा, मुद्दाम. म्हणजे समोर कळावं की उजेड संपला, आता डोळे ताणू नका. मावशी म्हणायच्या, "वाजली बाई आमच्या देवळाची घंटा," आणि फडकं टाकायच्या.

तिसऱ्या फुलाला फार दिवस लागले. टाचण्या लांबत चालल्या होत्या. चहा उतू जायला लागला. एकदा त्यांनी दोनदा ओलांडलं आणि पीळ विसरल्या, तो मीच दाखवला. फूल पुरं झाल्यावर चौगुलेकाकूंनी आणि मी मिळून त्यांना सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मावशी जाताना पिशवीत डबा घेऊन निघाल्या. का, ते विचारायचं मला सुचलं नाही.

डॉक्टर लहान पोरगी होती, नुकती लागलेली असावी. तिनं खूप वेळ तपासलं. मग म्हणाली, "आजी, मोतीबिंदू असता तर काढता आला असता. पण तुमच्या साखरेनं पडदा खराब झालाय. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू." तेवढं बोलताना ती मावशींकडं न बघता कागदावर तोच तो शब्द गिरवत राहिली.

मावशींनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "साखरंनं आधी माझं फूल खाल्लं. आता डोळं." आणि त्या डॉक्टरला हसू की रडू होऊन गेलं. मावशींनी पिशवीतून डबा काढला, निळा कागद उलगडला आणि फूल तिच्या टेबलावर ठेवलं.

बाहेर आल्यावर काकू कडाडल्या. "आवं, येड लागलंय का तुमास्नी? आता दुसरं कसं करनार?"

"पोरगी माझ्यापेक्षा लय भ्याली हुती," मावशी म्हणाल्या. रिक्षा माधवनगरला आली तेव्हा त्यांनी चाचपून माझा हात धरला आणि उतरल्या.

पुढचे काही महिने उशीवरचं फडकं निघालं नाही. मावशी दुपारी नुसत्या बसायच्या. हात मांडीवर, बोटं हलताहेत. काकूंचं ताट मात्र रोज वाजायचं. आता त्यांना तिन्हीसांज त्या ताटावरनंच कळायची. मी शेडातून यायचे, त्यांच्या शेजारी बसायचे. तुमचं फूल मी करते, असं मला शंभरदा म्हणावंसं वाटलं. पण एवढ्या नाजूक कामाला मी हात घालणार, हे म्हणायला तोंड उघडेना.

एक दिवस त्याच म्हणाल्या, "जतकरणी, पीठ घे."

मला वाटलं भाकरीचं. त्या म्हणाल्या, "हाताला चोळ न् उशी मांडीवर घे."

मी बिचकले. "मावशी, कुनासाठी करायचं?"

"शिकायचं म्हनून कर. कुनासाठी ते फूल ठरवंल."

इतकी वर्षं पाहिलं होतं तरी बोटांना काही येत नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. माझ्या शेजारी डोळे मिटून बसायच्या आणि कांड्यांच्या आवाजावरनं चूक सांगायच्या. "पीळ राह्यला." "उजवीकडचा ढिला हाय." "आता घाई करतीयास, घरी दूध ठिवून आलीस काय?" खरंच ठेवलेलं असायचं. पहिली पाकळी पाच वेळा उसवली. सहाव्या वेळी अंगठ्यानं चाचपून म्हणाल्या, "बरी हाय. पाकळी म्हनाय हरकत न्हाई."

दोन पाकळ्या झाल्या आणि मावशी अंघोळीच्या दगडावर पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण विजयदादा आला आणि त्यांना साताऱ्याला घेऊन गेला. जाताना त्या गाडीत बसून खिडकीतून म्हणाल्या, "लेकराकडं लक्ष दे." विजयदादाला वाटलं माझ्या मुलीबद्दल म्हणतात. त्या उशीबद्दल म्हणत होत्या.

मी उशी माझ्या घरात आणली. शेडातून आले की घर आवरून, दाराशी बसून विणायचे. ओलांड, पीळ, ओलांड. सांगणारं कुणी नव्हतं म्हणून स्वतःच मोठ्यानं म्हणायचे. तिसरी पाकळी पोटाशी आली होती. एका दुपारी माझी मुलगी शाळेतून रडत आली, कुणीतरी तिला ढकललं होतं. मी तिच्याशी बोलत होते आणि हात चालूच होते. तेवढ्यात दोरा तटकन तुटला.

शेडात सूत तुटलं की डोळे कुठंही असले तरी बोटं गाठ मारतात. दोन टोकं एकमेकांत, अंगठ्याखालून एक फास, ओढलं की झालं. मोजायला गेलं तर एक श्वास. तेच झालं. मी मुलीचे डोळे पुसले, तिला लाडू दिला, आणि विणत राहिले. चौथी पाकळी झाली. पाचवी झाली. सगळी जोडली, मधोमध शेवटची गाठ मारली, टाचण्या काढल्या, खळीत बुडवून वाळवलं. उजेडात धरलं तर फूल होतं. मला विश्वास बसेना की ते माझ्या हातचं आहे. आणि मग अंगठा फिरवला.

तिसऱ्या पाकळीत, पोटाशी, मागच्या बाजूला गाठ.

उसवून काही उपयोग नव्हता. सगळं फूल कापून नव्यानंच करावं लागलं असतं. मी कात्री घेतली होती. पण त्याच दिवशी विजयदादाचा फोन आला की आई ऐकत नाही, इकडं जेवत नाही, उद्या घेऊन येतो. मी कात्री ठेवून दिली. का, ते सांगता येणार नाही. त्यांनी स्वतःच कापावं असं वाटलं असेल.

मावशी खूप उतरल्या होत्या. पलंगावर बसवलं तसं त्यांनी हात पुढं केला. "आन."

मी त्यांच्या तळव्यावर फूल ठेवलं. त्या पहिल्या पाकळीवरून अंगठा नेऊ लागल्या. दुसरी. तिसरीवर अंगठा पोटापर्यंत गेला आणि थांबला.

"हितं गाठ हाय."

"व्हय, मावशी. दोरा तुटला, न् हातानं शेडातली गाठ मारली. माझं ध्यान न्हवतं. मी दुसरं करते. उद्याच मांडते."

त्यांचा अंगठा त्या गाठीवर पुढं-मागं होत राहिला. मग म्हणाल्या, "लय बारीक हाय गं. रिळातल्या गाठीवानी गुठळी न्हाई. कशी मारतीस? दाखव."

मी दोरा घेतला. त्यांची बोटं माझ्या बोटांवर ठेवून त्यांना गाठ दाखवली. आयुष्यभर तुटलेल्या दोऱ्याला गाठ न मारलेली ती बोटं. फास धरता धरता सुटत होती. चारदा चुकल्या. पाचव्या वेळी गाठ बसली. ओढून पाहिली, परत ओढून पाहिली, आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "तुटलेलं लगेच जोडतं की गं हे! आमच्या मडमेला ठावं न्हवतं."

"पन फूल..." मी म्हटलं.

"गाठीचं फूल मी कुनाला देत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

"हाय."

"मग झालं तर. आता ह्ये कुनाला देता यायचं न्हाई." त्यांनी फूल छातीशी धरलं. "आता बरं माझ्याजवळ ऱ्हाईल."

समोरून काकूंचं ताट वाजलं. मावशींनी मला डबा काढायला लावला, निळ्या कागदात स्वतःच्या हातानं फूल गुंडाळलं. झाकण लावताना म्हणाल्या, "एक सांगून ठिवते. लावशील तवा गाठ वर ठिव. खाली ठिवलीस तर उरात टोचंल मला."

त्यानंतर त्या नाताळापर्यंत होत्या. बिछान्यावर पडल्या पडल्या जुन्या रिळातल्या दोऱ्याला गाठी मारत असायच्या. तोडायचा आणि जोडायचा. त्यांच्यामागं उशाशी तो दोरा सापडला. वीतभर दोऱ्यात सतरा गाठी, शेवटच्या चार अगदी बरोबर.

मी पहिल्यांदाच त्यांच्या देवळात गेले. शेवटच्या बाकावर, काकूंच्या आड बसले. पुढं पेटी होती. त्यांच्या देवळातल्या बायका भोवती उभ्या होत्या. विजयदादानं डबा उघडला, फूल काढलं आणि ते हातात उलटसुलट करत राहिला. "ह्याचं सुलटं कुठलं?" त्यानं विचारलं. कुणाला सांगता येईना. आजवर सगळ्यांना फूल मावशींनीच लावलेलं.

काकूंनी मला कोपर मारलं. "जा की गं."

कान गरम झाले. पण गेले. विजयदादानं फूल माझ्या हातात दिलं आणि मी ते मावशींच्या उरावर ठेवलं, गाठ वर करून. त्यांच्या पोलक्याला लावायला पितळी टाचण्या मी पदरात खोचून आणल्याच होत्या. मागून कुणीतरी बाई हळू आवाजात म्हणाली, "बाई, उलटं लागतंय. गाठ दिसतीया बगा."

"असंच हाय ते," मी म्हटलं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं असं काकू नंतर म्हणाल्या.

त्यांचे हात घडी करून ठेवलेले होते, पीठ न लागलेले, एवढे काळे मी कधी पाहिले नव्हते. मला दोन टाचण्या लागल्या. तेवढा वेळ सगळे थांबले.